देखाव्याचे देणे

दिवाळीची सुटी आणि हिमालय यांचे लग्न हल्ली आमच्याकडे पक्के जमले आहे. पूर्वी भाऊबीज उरकली की मंडळी फार तर महाबळेश्वर गाठीत. आता पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची कुटुंबेच्या कुटुंबे नेपाळात उतरतात, पोखऱ्याहून निघतात आणि अन्नपूर्णेच्या पायथ्याची गावे चार-पाच, कधी आठ-दहा दिवस पायी हिंडून येतात. हे फार चांगले झाले. मराठी माणसाच्या पायांना चढ-उताराचे वळण वडिलोपार्जित आहे. ते पाय गाडीत आखडून बसण्यापेक्षा घांद्रुकच्या पायऱ्या चढोत, यात मला आनंदच आहे.

माझी तक्रार परत आल्यानंतरच्या बढाईबद्दल आहे. या मंडळींकडे फराळाला जावे, तर चकलीबरोबर तीन आकडे कानांवर येतात : किती उंच गेलो, किती दिवसांत गेलो आणि किती स्वस्तात गेलो. पहिल्या दोन आकड्यांचे मी मनापासून कौतुक करतो. साठीला आलेली गृहिणी पहाटेच्या अंधारात तीन हजार दोनशे मीटरांवरच्या पून हिलला चढते आणि धवलगिरीवरचे ऊन पाहते, ही काय लहान गोष्ट झाली? पण तिसरा आकडा ऐकला की तोंडातला लाडू कडू होतो. "वाटाड्या घेतलाच नाही हो! वाट सरळ आहे, मोबाइलवर नकाशा आहे. हमाल तेवढा एक केला, पण तिघांचे सामान त्याच्याच पाठीवर बांधले. आणि खोलीचे भाडे? घासाघीस करून निम्म्यावर आणले!" हे सांगताना चेहऱ्यावर जो विजय झळकतो, तो शिखर गाठल्यावरही झळकला नसेल.

नेपाळच्या पर्यटन मंडळाने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पायी प्रवाशांना परवानाधारक वाटाड्या सक्तीचा केला, तेव्हापासून तर या विजयी वीरांचा संताप अनावर झाला आहे. कोणी म्हणतो ही लूट आहे, कोणी म्हणतो हा आमच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. वाचकहो, मला त्या नियमाची वकिली करायची नाही. त्याचा अंमल सगळीकडे सारखा नाही; एव्हरेस्टच्या बाजूला खुंबूत तर स्थानिक कारभाऱ्यांनीच त्याला विरोध केला. माझे म्हणणे नियमाच्या पुढचे आहे. नियम असो वा नसो, दुसऱ्यांच्या डोंगरगावांतून चार दिवस हिंडणाऱ्याने तिथल्याच गावचा वाटाड्या घ्यावा आणि त्याला पुरते पैसे द्यावेत. यात मेहेरबानी नाही आणि दानधर्मही नाही. आपण जो देखावा पाहून येतो, त्याचे हे देणे आहे.

देखाव्याचे कसले देणे, असे विचारणारे शहाणे भेटतात. डोंगर देवाने केला, बर्फ देवाने पाडले. त्याचे पैसे माणसाला का द्यायचे? या शहाण्यांनी आपलीच छायाचित्रे पुन्हा एकदा उघडून पाहावीत. वर बर्फाची एक रेघ असते, आणि खाली तीन चतुर्थांश चित्र भरून काय असते? भाताच्या पायऱ्या! एकावर एक, शंभरावर शंभर, डोंगराच्या कमरेला गुंडाळलेल्या. त्याखाली आम्ही लिहितो 'निसर्गसौंदर्य'. निसर्गाने इथे केले काय? उतार केला आणि पाऊस पाडला. एवढ्यावरच सोडले असते, तर ती माती केव्हाच मोदी नदीतून काली गंडकीला मिळाली असती. ती जागेवर राहिली ती पिढ्यान्‌पिढ्या गुरुंग, मगर आणि इतर शेतकऱ्यांनी बांध घातले म्हणून.

आणि बांध एकदा घातला की झाले, असेही नाही. ज्यांचे आजोळ मावळात किंवा कोकणात आहे त्यांना हे सांगायला नको. खाचर दर वर्षी नव्याने करावे लागते. बांधाची कड तासायची, उंदरा-खेकड्यांची बिळे बुजवायची, चिखलाने बांध लिंपायचा, वरच्या ओहोळाचे पाणी पाट काढून आणायचे आणि एका खाचरातून दुसऱ्यात असे उतरवायचे की पाणी पोचावे पण माती वाहू नये. पाण्याच्या खाचराला नेपाळी शेतकरी 'खेत' म्हणतो आणि पावसावरच्या कोरड्या पायरीला 'बारी'. खाली भात, वर मका आणि 'कोदो'. हा कोदो म्हणजे आपली नाचणीच! लावणीला एकमेकांच्या शेतात राबण्याची जी रीत आपल्याकडे इर्जिक म्हणून चालते, ती तिथे 'पर्म' या नावाने चालते. आषाढाच्या पंधराव्या दिवशी चिखलात उतरायचे, रोपे लावायची, दही-पोहे खायचे, हा तिथला सणच आहे. त्या दिवशी आम्ही तिथे नसतो, कारण पावसात जळवा असतात. आम्ही जातो कार्तिकात, सगळे सोनेरी झाले की.

ज्या पायऱ्यांवरून आम्ही धापा टाकीत चढतो, त्याही आकाशातून पडलेल्या नाहीत. उल्लेरीच्या चढाला तीन हजारांवर दगडी पायऱ्या आहेत. एकेक चिरा कोणी तरी पाठीवर आणून बसवला आहे. तो तुमच्या-आमच्या सहलीसाठी बसवलेला नव्हता; मीठ आणायला, गुरे न्यायला, पोरांना शाळेत धाडायला बसवला होता. आम्ही त्या वाटेचा फुकट वापर करतो आणि वर म्हणतो, वाट सोपी आहे, वाटाड्या कशाला? अहो, वाट सोपी कोणी केली?

आता नकाशाविषयी. मोबाइलवरचा नकाशा वाट दाखवतो, हे मला मान्य आहे. पण काल रात्री कोसळलेली दरड तो दाखवत नाही. सोबतच्या माणसाचे डोके दुखते आहे ते उन्हाने की उंचीने, हे त्याला कळत नाही. आणि आता वर जाऊ नका, खाली चला, असे तो बजावीत नाही. वाटाड्या हा काही ताईत नव्हे, हेही सांगून टाकतो. २०१४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळलेले हुदहुद वादळ वर सरकत हिमालयाला जाऊन भिडले. १४ तारखेला थोरोंग खिंडीच्या आणि धवलगिरीच्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे बर्फात मेली. त्यांत प्रवासी होते, तसे वाटाडे आणि हमालही होते. ज्या संकटाला आपण 'साहस' म्हणून विकत घेतो, त्याचा अर्धा वाटा हा माणूस रोजाने उचलतो. मग त्या रोजातच घासाघीस करायची?

हमालाची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. नेपाळी भाषेत त्याला 'भरिया' म्हणतात. कपाळावर 'नाम्लो' नावाचा पट्टा आणि पाठीवर 'डोको' नावाची बांबूची टोपली किंवा आपल्या पिशव्यांचा ढीग, अशी त्याची मूर्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आपल्या लोकांची एक पक्की समजूत असते, की हे सगळे शेर्पा. यांना थंडीही वाजत नाही आणि उंचीही लागत नाही. शेर्पा हे धंद्याचे नाव नव्हे. ते एका जमातीचे नाव आहे, आणि अन्नपूर्णेच्या वाटेवरचा भरिया बहुधा त्या जमातीचा नसतोच. तो खालच्या भातगावांतला शेतकरी असतो. चार हजार मीटरांवर त्याचे डोके तुमच्या-माझ्यासारखेच फुटू लागते. उंचीच्या आजाराने एक तरुण हमाल दगावला, त्यानंतर १९९७ साली या लोकांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. नेपाळात एका माणसाच्या पाठीवर तीस किलोंहून अधिक ओझे नको, त्याला उबदार कपडे, नीट जोडे आणि रात्री निवारा मिळायला हवा, एवढेच ती सांगते. एवढे साधे सांगायला संघटना लागावी, यातच सगळे आले.

काठमांडूत १९६४ साली जिमी रॉबर्ट्स या निवृत्त गुरखा अधिकाऱ्याने पहिली कंपनी काढली, तेव्हापासून हा व्यवसाय एकाच पायावर उभा आहे : ओझे दुसऱ्याच्या पाठीवर, म्हणून डोळे मोकळे. साहेबाने ती पद्धत पाडली, आणि आम्ही ती साहेबाहून कंजूषपणे चालवली. घांद्रुकच्या एका लॉजमध्ये मी स्वतः पाहिले. आपलीच दहा-बारा माणसे शेगडीभोवती बसून घरचा चिवडा आणि शंकरपाळे खात होती. मालकीणबाई तीनदा येऊन विचारून गेली, "दिदी, दालभात?" तिन्ही वेळा मान नकारार्थी हलली. खोलीचे भाडे तिथे मुळातच नाममात्र असते, कारण पाहुण्याने तिथेच जेवावे हा गृहीत धरलेला सौदा असतो. ते नाममात्र भाडेही पाडून घ्यायचे आणि जेवायचेही नाही, याला काटकसर म्हणत नाहीत. फराळ अवश्य न्या. मालकिणीच्या मुलाला लाडू द्या, भरियाच्या हातावर चकली ठेवा. पण रात्रीचा दालभात तिच्याच चुलीवरचा खा.

आता माझ्या विरुद्ध बाजूचा एक मुद्दा खरा आहे, तो मी टाळणार नाही. सक्तीमुळे पैसा गावात पोचतोच असे नाही. तो आधी इकडच्या यात्रा कंपनीकडे जातो, मग काठमांडूच्या, मग पोखऱ्याच्या. आणि गळत गळत वाटाड्याच्या हाती किती पडतो, हे देवच जाणे. त्यावर उपाय वाटाड्या टाळणे हा नव्हे. विचारणे हा आहे. पैसे भरण्यापूर्वी कंपनीला चार प्रश्न विचारा. वाटाड्या कुठल्या गावचा? त्याला आणि भरियाला रोज हातात किती? दोघांचा विमा आहे का? भरिया रात्री कुठे झोपतो? आपण भाजी घेताना दहा प्रश्न विचारणारी माणसे. इथे चार विचारायला काय हरकत आहे? ज्याला उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याबरोबर जाऊ नका.

रोज ठरवताना एक हिशेब ध्यानात ठेवावा. आपला मोसम कार्तिकाचा, आणि भाताची कापणीही त्याच सुमाराची. वाटाड्या तुमच्याबरोबर वर चालत असतो, तेव्हा त्याच्या खाचरात दुसरे कोणी तरी विळा चालवीत असते, किंवा घरातली बाई एकटी राबत असते. त्याच्या रोजातून कापणीची मजुरी आधीच वजा झालेली असते. तुम्ही पाडून घेतलेले पैसे तिथून कमी होतात.

आणि तो परवडेनासे झाल्यावर काय करतो? तो आखाती देशांत जातो, मलेशियाला जातो. परदेशी राबणाऱ्या नेपाळ्यांनी घरी धाडलेला पैसा आज त्या देशाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढा आहे. मागे राहिलेल्या खाचरांना 'बाँझो' म्हणतात, म्हणजे वांझ. बांधाची कड तासायला माणूस नाही, पहिल्या पावसात भगदाड पडते, दुसऱ्या पावसात खालचे खाचर बुजते. मग आमचा छायाचित्रकार हळहळतो, की इथे पूर्वी काय सुंदर पायऱ्या होत्या! मनांगकडे आणि जोमसोमकडे मोटारीचा रस्ता झाला म्हणूनही हेच लोक गळा काढतात. मुक्तिनाथाला जीपने जाऊन आलेली मराठी माणसेही त्यांत असतात. दवाखाना तासाभराच्या अंतरावर यावा असे त्या गावाला वाटू नये काय? आमच्या चार दिवसांच्या सुखासाठी त्यांनी जन्मभर पाठीवर ओझी वाहावीत, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

हे सगळे नेपाळपुरते आहे असेही समजू नका. श्रावणात आपल्याच सह्याद्रीत जी झुंबड उडते, तीतले कितीजण नुकतीच लावणी झालेल्या खाचराच्या बांधावरून चालत जातात आणि तो मोडून ठेवतात! हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या गावातला पोरगा वाट दाखवायला पुढे आला, की त्याला 'नको रे, माहीत आहे' म्हणून उडवून लावतात, आणि अंधार पडला, धुके उतरले, की त्याच पोराच्या बापाला कंदील घेऊन वर बोलावतात.

आपल्या दिवाळीच्या दिवसांतच नेपाळात तिहार असतो. तिथे एक दिवस कावळ्याला घास देतात, दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात हार घालतात, मग गाईला, मग बैलाला. ज्याने ज्याने वर्षभर चाकरी केली, त्याची आठवण ठेवायची अशी ती रीत आहे. आपणही पाडव्याला वहीपूजन करतो. जुनी बाकी ठेवून नवे खाते उघडू नये, असे आपले व्यापारी वाडवडील सांगत. यंदा डोंगराकडे निघण्यापूर्वी घरातल्या मुलांना शेजारी बसवून खर्चाची यादी करा. गाडीभाडे, विमान, जोडे, कानटोप्या, सगळे लिहा. पण त्या यादीत पहिली ओळ वाटाड्याची आणि दुसरी भरियाची असू द्या. आणि काटछाट करायची वेळ आलीच, तर ती तिसऱ्या ओळीपासून सुरू करा.