सवलत द्या, पण लिहून द्या

तुम्ही अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवत असाल, तर तुमच्या वर्गात दोन मुलांची आई असते, रात्रपाळी करून आलेला गोदामातला कामगार असतो. म्हणून तुम्ही म्हणता, "मोठी माणसं आहेत, मुदत थोडी सैल ठेवू." पण ती सैल होते कोणासाठी? जो ईमेल करतो त्याच्यासाठी. ज्याला मागायची भीड वाटत नाही, त्याला दोन दिवस जास्त मिळतात. "सरांना कशाला त्रास द्यायचा" असं शिकवलेल्या, आपल्यासारख्या घरातून आलेला विद्यार्थी मुकाट्याने शून्य घेतो. मला तर यात वशिलाच दिसतो, फक्त सभ्य भाषेतला.

सवलत जरूर द्या, पण सिलॅबसमध्ये लिहून द्या: सत्रात दोनदा, 48 तास, कारण न विचारता. त्यानंतर रोज 10 टक्के गुण कमी, सगळ्यांचे. 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्याखाली मिळणारी सवलत वेगळी. ती कॉलेजचं कार्यालय ठरवतं, तुमची मर्जी नाही. मोठ्या माणसाला मुलाच्या तापाचा पुरावा मागू नका. नियम आधीच लिहिलेला असेल, तर कोणालाच तुमच्यापुढे हात जोडावे लागणार नाहीत.