सहाशे किलोच्या गाडीला सतरा इंची चाकं? कशासाठी?

स्पष्ट लिहितोय, राग आला तर येऊ द्या. "चाक जितकं मोठं तितकी गाडी भारी" हे खूळ कोणी आपल्या डोक्यात भरलं माहीत नाही, पण आता ते साता समुद्रापार पोचलंय.

आपल्यातलाच एक वाचक, मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात असतो. घराच्या गॅरेजात किट कार बांधतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगाडा, बॉडी, सुटे भाग विकत आणायचे, इंजिन-गिअरबॉक्स-ब्रेक एखाद्या जुन्या गाडीचे काढायचे आणि स्वतः गाडी जोडायची. हा तिकडचा जुना नाद आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची उघडी, दोन माणसांची, चिमुकली गाडी आणली. ती सुट्या भागांत घेतली की तिकडचा खरेदी कर वाचायचा, म्हणून लोक घरी जोडायचे. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम कंपनी बनवते. चॅपमनचा सगळा भर वजन कमी करण्यावर होता. दार नाही, छप्पर नावापुरतं, उगाच एक पत्रा जास्त नाही.

आपला गडी तसलीच गाडी करतोय. माझदा एमएक्स-५ ही जुनी गाडी घेऊन तिचे भाग वापरतोय. तयार झाली की सहाशे किलोच्या आसपास भरेल. त्याने साधा प्रश्न विचारला, चाकं आणि टायर कुठल्या मापाचे घेऊ? आणि इथल्या शहाण्यांनी त्याला काय सांगितलं? "सतरा घाल भावा, आग लावेल." "मागं २२५ टाक, लुक येतो." एकानेही विचारलं नाही की गाडीचं वजन किती.

अहो, १९८९ मध्ये ती माझदा आली तेव्हा तिला १८५/६० आर १४ टायर होते. गाडी साडेनऊशे किलोच्या घरातली, आणि ती वळणावर किती गोड चालते याचं कौतुक जगभर झालं. आता तेच इंजिन, तेच ब्रेक, पण वजन तिथल्यापेक्षा तीनेकशे किलो कमी. मग टायर रुंद कशाला हवेत? १८५ सुद्धा त्या गाडीला भरपूर होतात! खुद्द केटरहॅमने २०१३ मध्ये 'सेव्हन १६०' काढली, तिला सुझुकीचं ६६० सीसीचं इंजिन आणि टायर १५५/६५ आर १४. आपल्या साध्या हॅचबॅकच्या रुंदीचे. त्या कंपनीला पैसे वाचवायचे होते म्हणून नाही बसवले ते. त्या वजनाला ते पुरतात, आणि गाडी कमी वेगातही मजा देते.

हिशेब करून बघा. १५५/६५ आर १४ टायरवर ७५ हा भार-क्रमांक असतो, म्हणजे एक टायर ३८७ किलो पेलतो. चार मिळून १५४८ किलो. आपल्या वाचकाची गाडी दोन माणसं बसवून साडेसातशे. म्हणजे दुप्पट. आता २०५/४० आर १७ घ्या. ८४ भार-क्रमांक, एक टायर ५०० किलो. तो टायर बाराशे-तेराशे किलोच्या गाडीसाठी बनवलाय. त्याची बाजूची भिंत कडक. सहाशे किलोखाली तो दबतच नाही, नीट गरम होत नाही, आणि गार रबर पकड देत नाही. वर इंग्लंडातला पाऊस. हलकी गाडी, रुंद टायर आणि रस्त्यावर पाणी, या तिघांची गाठ पडली की टायर पाणी कापण्याऐवजी पाण्यावर तरंगतो. माणूस रुंद टायर घेतो सुरक्षेच्या नावाखाली आणि पदरात पडतं हे.

दुसरी गोष्ट वजनाची. साध्या ओतीव सतरा इंची अलॉयला टायर चढवला की चौदा इंचीपेक्षा एका चाकामागे चार-पाच किलो सहज वाढतात. "चार किलोने काय होतंय?" हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यावरून उडालेलं चाक परत रस्त्याला टेकवायचं काम स्प्रिंगला करावं लागतं, आणि वरची गाडी हलकी असल्याने तिथे हा फरक जास्तच बोचतो. शिवाय ते वजन फिरतं. रिमच्या कडेला वाढलेला एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोइतका ओढतो. दार काढून, छप्पर काढून वाचवलेलं वजन चाकात परत भरायचं, याला काय म्हणावं तुम्हीच ठरवा.

तिसरी, व्यास. १८५/६० आर १४ टायरचा पूर्ण व्यास ५७८ मिमी. त्याजागी २०५/४५ आर १७ घातला की ६१६. साडेसहा टक्क्यांहून जास्त वाढ. म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने चाललेली असते. गिअर सगळे लांब होतात, छोट्या इंजिनाचा दम जातो. आणि तिकडे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी पास करावी लागते. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत असेल तर नापास. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावला तरी अडचण. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ व्हायला हवं, हीसुद्धा अट आहे. पुढं रुंद टायर आणि चुकीच्या ऑफसेटचं रिम लावलं की हलक्या गाड्या नेमक्या इथं अडकतात.

मग घ्यायचं काय? माझ्या मते १८५/६० आर १४. नाहीतर १९५/५० आर १५, त्याचा व्यास ५७६ मिमी, म्हणजे काट्याला कळणारही नाही. तेरा इंचीत चांगले टायर तिकडे आता कमी मिळतात, त्यामुळे पंधरा इंचीला माझी हरकत नाही. ब्रेक मोठे असतील आणि कॅलिपर रिमच्या आत बसत नसेल तर तेही मोठ्या चाकाचं खरं कारण. पण पंधराच्या वर जाऊ नये. आणि हवा? आपल्याकडे पंपावरचा पोरगा अल्टो असो की इनोव्हा, पस्तीस भरतो. या गाड्यांना १८ ते २० पीएसआय पुरते.

"ते इंग्लंडचं, आपल्याला काय त्याचं?" असं म्हणणाऱ्यांनी नॅनो आठवावी. आपल्या टाटांची, २००८ साली दाखवलेली, सहाशे किलोच्या आसपासची. तिला पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२. लोक हसले, "स्कूटरची चाकं लावलीत" म्हणून. इंजिन मागे, वजन मागे, म्हणून मागचा टायर रुंद आणि पुढचा अरुंद, नाहीतर वळणावर शेपूट बाहेर जातं. ज्यांनी हसून पुढेही रुंद टायर बसवून घेतले त्यांनी तो हिशेब मोडला.

आणि आता आपल्या गल्लीतलं. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ यायचे, वरच्याला १८५/६५ आर १५. व्यास दोन मिमीच्या फरकाने सारखाच, कारण कंपनीचे इंजिनिअर काटा बिघडू देत नाहीत. पण रबराची भिंत खालच्या मॉडेलला १३२ मिमी, वरच्याला १२०. आपल्या खड्ड्यात कुठली टिकेल? शोरूममध्ये मात्र लाखभर जास्त मोजून माणूस कमी रबर घेऊन घरी येतो आणि खूश असतो. त्यावरही समाधान नाही म्हणून बाहेरून सतरा बसवतो. पावसाळ्यात रिम वाकलं की शिव्या पीडब्ल्यूडीला. पीडब्ल्यूडीने शिव्या खाव्यातच, पण सगळ्या नकोत.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे गंमत उलटी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल गाडीत चालणार नाहीत. तरी बाहेर आलेले टायर घेऊन पोरं चौकात फिरतातच. आणि जो खरंच डोकं लावून गाडी बांधतो त्याला दार बंद. २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून चारचाकी केली. दुचाकीसारखी किक, जीपसारखं तोंड, छोटी चाकं. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण नियमात बसत नाही म्हणून ती गाडी घेऊन त्याला बोलेरो दिली. त्या माणसाने, कुठलंही पुस्तक न वाचता, हलक्या गाडीला छोटी चाकं लावली होती! एआरएआय पुण्यात आहे, टेकडीवर. घरी बांधलेली एकच गाडी तपासून पास-नापास करण्याची सोय इंग्लंड करू शकतं, तर आपण का नाही? आमदार-खासदार ही पोस्ट वाचत असतील तर हा प्रश्न अधिवेशनात विचारा, मोर्चा काढायची गरज नाही.

साताऱ्याच्या गड्याला एक शेवटचं. अशी गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते, टायर झिजतच नाही, नुसता वाळतो. नक्षी नवी दिसते आणि रबर दगड झालेलं असतं. कोणी जुनी अलॉय टायरसकट स्वस्तात देत असेल तर बाजूवरचे डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाच. २३१४ असेल तर तो २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. रिम घे, टायर तिथंच ठेव.