संगीतवर्गाचा विस्तार
विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून घराण्यांत, म्हणजे गुरुशिष्यांच्या मर्यादित वर्तुळांत, राहिलेली संगीतविद्या अभ्यासक्रमाच्या आधारे सर्वांसाठी खुली केली आणि वसई-विरारमधील खासगी संगीतवर्गांचा पायाही बव्हंशी तोच आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद’पर्यंतच्या श्रेणीबद्ध परीक्षा व दहावीला मिळणारे सवलतीचे कलागुण यांमुळे पालक वर्गाकडे वळतात, मात्र केवळ गुणांसाठी आलेला विद्यार्थी दहावीनंतर टिकेलच असे नाही. म्हणून लोकलने मुंबईला जाऊन उशिरा परतणाऱ्या नोकरदारांसाठी शनिवार-रविवारचे वर्ग आणि चर्चच्या गायनवृंदाची परंपरा जपणाऱ्या वसईतील ख्रिस्ती कुटुंबांसाठी व्हायोलिन वा कीबोर्डसह पाच रेषांवरील पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण, हे येथील वाढीचे अधिक स्थिर मार्ग ठरतात. पलुस्करांनी दरबाराच्या आश्रयाऐवजी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, यामागील व्यवहार आजही लागू पडतो: श्रोता घडल्यावाचून विद्यार्थी वाढत नाही, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर होणारी विद्यार्थ्यांची वार्षिक मैफल ही फलकावरील जाहिरातीपेक्षा वर्गाची खात्रीलायक ओळख ठरते.