पाण्यात म्हैस आणि कुलूपबंद फोन

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथला जनावरांचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला खरेदी कशाला म्हणतात हे वेगळे सांगावे लागत नाही. लाल कंधारी गोऱ्हा घ्यायला आलेला शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, खुरे पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच किमतीचे बोलतो. असे न पाहता सौदा करणाऱ्यासाठी आपल्याकडे म्हण आहे, 'पाण्यात म्हैस, बाहेर मोल'. ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेली आपली घरे आज पंधरा-वीस हजारांचा जुना फोन मात्र चार छायाचित्रे पाहून घरबसल्या मागवतात.

मी मुदखेडचा. आदिलाबादकडे जाणारा रेल्वेचा फाटा इथून फुटतो, एवढीच आमच्या गावाची अनेकांना ओळख. अशा गावात जुना फोन घेणे ही हौस नसते, गरज असते. आमच्या शेजारच्या कुटुंबाने मुलीला 'नीट'च्या तयारीसाठी लातूरला पाठवताना एका संकेतस्थळावरून असाच एक जुना, अमेरिकेतून आलेला फोन मागवला. फोन दिसायला नवाकोरा. काचेवर ओरखडा नाही, कॅमेरा उत्तम. सिमकार्ड घातले, आणि पडद्यावर संदेश आला की हे सिम या फोनमध्ये चालणार नाही. नांदेडला दुकानात दाखवल्यावर कळले, फोन तिकडच्या एका कंपनीच्या नेटवर्कशी 'लॉक' केलेला आहे. विकणाऱ्याने जाहिरातीत 'उत्तम चालतो' असे लिहिले होते. वाय-फायवर तो खरोखरच उत्तम चालत होता!

हे लॉक प्रकरण आहे तरी काय? पाश्चात्त्य देशांत मोबाइल कंपन्या महागडे फोन हप्त्यांवर किंवा सवलतीत देतात. गिऱ्हाईक फोन घेऊन दुसऱ्या कंपनीकडे पळून जाऊ नये, म्हणून फोनच्या प्रणालीतच अशी तजवीज केलेली असते, की तो त्याच कंपनीचे सिम स्वीकारेल. हप्ते फिटले, अटी पूर्ण झाल्या, की कंपनी लॉक काढते. पण मूळ गिऱ्हाइकाने हप्ते थकवूनच फोन विकला, तर कुलूप तसेच राहते. फोन समुद्र ओलांडून येतो आणि न केलेल्या कराराची बेडी मुदखेडच्या मुलीच्या हाती पडते.

आपल्याकडेही हा प्रकार अगदीच नवा नाही. २००३ साली रिलायन्स इन्फोकॉमने 'मान्सून हंगामा' योजनेत ५०१ रुपये भरून मोबाइल घरी न्या, असे सांगितले, तेव्हा त्या सीडीएमए फोनांत क्रमांक फोनमध्येच नोंदलेला असे. कंपनी बदलायची तर फोनच बदलायचा. २००८च्या ऑगस्टमध्ये आयफोन थ्रीजी एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत भारतात आला, तोही त्या-त्या कंपनीशी बांधलेला. २०१७ साली जिओफोन १५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर आला, त्यात फक्त जिओचेच सिम चाले. न्यायाने बोलायचे तर या योजनांनी फोन गरिबाच्या हाती दिला, आणि जिओफोनवरील बंधन कोणी लपवले नव्हते. पहिल्या खरेदीदाराला स्वस्ताईच्या मोबदल्यात बंधन मिळते. तो सौदा त्याने उघड्या डोळ्यांनी केलेला असतो. दुसऱ्या खरेदीदाराच्या वाट्याला मात्र नुसते बंधन येते. सगळा प्रश्न आहे तो इथे.

खेड्यापाड्यांत हे बंधन शहरापेक्षा जास्त काचते. पुण्या-मुंबईत सगळ्याच कंपन्यांचे मनोरे असतात. आपल्याकडे एका गावात एकाची रेंज, तर नाल्यापलीकडच्या वाडीत दुसऱ्याची. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. सरकारने क्रमांक मोकळा केला. पण फोनच बांधलेला असेल, तर त्या मोकळीकीचा उपयोग काय?

याची मोठी किंमत प्रामाणिक विक्रेत्यालाही मोजावी लागते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच मांडले होते. मालाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असली की घेणारा सावधगिरीने सरसकट कमी भाव देतो. मग चांगला माल असलेला माणूस बाजारातून उठून जातो आणि खराब माल तेवढा उरतो. या विचाराला २००१ साली नोबेल मिळाले. माळेगावच्या बाजारात बैलाचे दात पाहणाऱ्याला ते बहुधा आधीच ठाऊक होते.

इतर देशांनी काय केले? अमेरिकेने २०१४ साली कायदा करून ग्राहकाला आपला फोन अनलॉक करून घेण्याची मुभा दिली. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक केलेले फोन विकायलाच मनाई केली. त्यामुळे तिथल्या कंपन्या बुडाल्या नाहीत. हप्ते वसूल करण्याचे इतर मार्ग असतातच.

आपल्या हाती काय आहे, तेही पाहू. शक्यतो फोन हातात घेऊन, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घालून, प्रत्यक्ष बोलून पाहावे. आयफोन असेल तर सेटिंग्जमधील 'जनरल' व त्यातील 'अबाउट' या भागात 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असे दिसले पाहिजे. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनांना सिमचा कप्पाच नसतो, हेही ध्यानात असू द्यावे. *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, त्याआधी इंग्रजीत केवायएम ही अक्षरे व मोकळी जागा ठेवून, १४४२२ वर एसएमएसने पाठवला, की फोन चोरीचा म्हणून काळ्या यादीत आहे का ते कळते. लॉक मात्र त्यातून कळत नाही. जुन्या मालकाचे गुगल किंवा अ‍ॅपल खाते फोनमध्ये अडकलेले असणे, हे आणखी वेगळे कुलूप. ते विकणाऱ्याने समोर बसून काढून दिले पाहिजे. 'कोड टाकून लॉक तोडून देतो' म्हणणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे, आणि आयएमईआय बदलून देणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये. तो गुन्हा आहे.

फसगत झालीच, तर पावती आणि जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी मुदखेडकराला नांदेडचा आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. मात्र स्वतःचा एखादा जुना फोन विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही. त्याच्याशी केलेल्या सौद्यात या कायद्याचा आधार लंगडा पडतो.

म्हणूनच सगळा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकून चालणार नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने मालाची आवश्यक माहिती द्यायची असते. फोनच्या बाबतीत या माहितीत लॉक आला, असे त्या नियमांत स्पष्ट शब्दांत लिहावे. बॅटरी आणि कॅमेऱ्याइतक्याच ठळकपणे 'लॉक आहे' किंवा 'लॉक नाही' हे जाहिरातीत असले पाहिजे, आणि ते नसेल तर पैसे परत करण्याची जबाबदारी संकेतस्थळावरही हवी. लेकीला परगावी शिकायला पाठवणाऱ्या बापाला ती रोज रात्री फोनवर बोलेल, एवढेच हवे असते. त्यासाठी त्याने मोबाइलचे तंत्रज्ञ व्हावे, अशी अपेक्षा कोणत्याही शहाण्या बाजारपेठेने करू नये.