‘जपा’ म्हणजे नेमके काय करा?

बालरोगतज्ज्ञाने अंजायनावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या दवाखान्यात नातवंडांना घेऊन येतात ते बहुधा आजी-आजोबाच. एखादे आजोबा येईनासे झाले की कारण कळते, “त्यांना अंजायना निघाला, आता घराबाहेर सोडत नाही.” छातीतील वेदनेपेक्षा ही घरकैद माणसाला अधिक लवकर खचवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठरावीक श्रमानंतर छाती आवळल्यासारखी होणे आणि थांबताच काही मिनिटांत बरे वाटणे, हा स्थिर अंजायना. १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे या विकाराचे वर्णन मांडणाऱ्या विल्यम हेबर्डन यांनीच, रोज अर्धा तास लाकूड कापणारा एक रुग्ण जवळजवळ बरा झाल्याचे नोंदवले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ अभ्यासातही, स्थिर विकारात सुरुवातीलाच स्टेंट वा बायपासचा मार्ग धरल्याने मृत्यूचे प्रमाण घटले नाही. वेदना मात्र अधिक कमी झाल्या. अर्थात औषधे आणि दिनचर्या यांना दुय्यम मानता येणार नाही.

आपण डॉक्टर मंडळी मात्र “जपा, दगदग नको” एवढे सांगून मोकळे होतो. घरचे त्याचा अर्थ “काहीच करू नका” असा लावतात. तोही केवळ आजोबांपुरता! तेच दुखणे असलेली आजी पाण्याच्या बादल्या उचलतच राहते. तिची धाप आणि थकवा ‘वयोमानाचा’ ठरतो.

म्हणून औषधांच्या चिठ्ठीवर चार ओळी अधिक लिहाव्यात. सपाट रस्त्यावर किती चालावे, जिना कोणत्या गतीने चढावा. भरल्या पोटी वा पौषातल्या गारठ्यात चढण टाळावी. सराफ्यातील खाद्यभ्रमंतीनंतर तर नक्कीच. जिभेखालची गोळी सदैव जवळ असावी व बसूनच घ्यावी. डॉक्टरांनी सांगितल्यास ठरावीक श्रमापूर्वीही घेता येते, मात्र सिल्डेनाफिलसारखे औषध घेणाऱ्याने ती घेऊ नये. गोळीनंतर ५ मिनिटांत वेदना शमली नाही, बसल्या जागी दुखू लागले किंवा त्रास वाढत चालला, तर विलंब न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

या चार ओळींना दोन मिनिटे पुरतात. तेवढ्याने एखाद्या ज्येष्ठाला आपली मंडई, आपले वाचनालय आणि नातवाचे बोट परत मिळत असेल, तर ती दोन मिनिटे हाही उपचारच होय.