ज्यांच्यावर शास्त्र लिहिले, त्यांनी ते वाचायचे कधी?



समाजशास्त्र आणि सामाजिक परिवर्तन हे विषय आता मोबाईलवर शिकता येतात. अमेरिकेतल्या कोर्सेरा, एडएक्स या मंडळींनी २०१२ साली हे दुकान मांडले. आपल्या केंद्र सरकारचे 'स्वयम्' २०१७ साली सुरू झाले. तिथे धडे पाहणे फुकट आहे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर फी. ज्या विषयासाठी पूर्वी पोराला पुण्या-मुंबईला खोली घेऊन द्यावी लागे, तो विषय आज पारावर येऊन बसला आहे. तरी आपल्यातले फार थोडे तिकडे फिरकतात.

का फिरकत नाहीत? दोन उत्तरे ऐकायला मिळतात. शहाणे लोक म्हणतात, "शेतकऱ्याच्या पोराला समाजशास्त्र काय करायचे? त्याने पोटापाण्याचे काही शिकावे." आणि आपलेच लोक म्हणतात, "समाजात जन्म गेला आमचा, तो शिकायचा काय?"

दुसऱ्याचे आधी पाहू. जन्म मातीत गेला म्हणून मातीचा सामू कळत नाही. त्यासाठी नमुना काढून तपासावा लागतो. गावाचेही तसेच. भाव पडतो, कर्ज फिटत नाही, पोरांची लग्ने ठरत नाहीत, हे सगळे आपण भोगतो. पण भोगणे वेगळे आणि कारण सापडणे वेगळे. कारण सापडले नाही की माणूस नशिबाला बोल लावतो, नाहीतर शेजारच्या जातीला.

आता पहिले उत्तर. समाजशास्त्र आपल्या कामाचे नाही म्हणतात, पण आपण मात्र समाजशास्त्राच्या फार कामाचे आहोत. अमेरिकेत आयोवा नावाचे मक्याचे राज्य आहे. तिथल्या दोन गावांतल्या अडीचशेहून अधिक शेतकऱ्यांना ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी विचारले, की संकरित मक्याचे बी तुम्ही कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून घेतले? त्यांचा अभ्यास १९४३ साली छापून आला. त्यांना दिसले ते असे, की बियाण्याची बातमी बहुधा विक्रेत्याकडून कळते, पण खात्री पटते ती शेजाऱ्याचे वावर पाहून. त्याच आयोवातला शेतकऱ्याचा मुलगा एव्हरेट रॉजर्स. त्याने १९६२ साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि नवे तंत्र घेण्याच्या वेळेवरून माणसांचे पाच गट पाडले. सर्वांत पुढे अडीच टक्के 'नवप्रवर्तक', सर्वांत शेवटी सोळा टक्के 'लॅगार्ड', म्हणजे मागे रेंगाळणारे.

कृषी पदवीच्या वर्गात, विस्तार शिक्षणाच्या तासाला, ही घंटेच्या आकाराची आकृती आम्ही पाठ केली. आमच्या हाती डिग्री आणि तुमच्या कपाळावर शिक्का. त्या वर्गात एकही शेतकरी उलट प्रश्न विचारायला बसलेला नव्हता.

आज मी तो प्रश्न विचारतो. ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ हा १९६४ साली आला. खरिपात संकरित ज्वारी पसरली. रब्बीत मात्र शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही. आकृतीच्या हिशेबाने तो मागासलेला ठरला. पण त्याचा हिशेब काय होता? संकरित ज्वारीचे ताट बुटके, म्हणून कडबा कमी. उशिराच्या पावसात सापडले की दाणा काळा. मालदांडीची भाकरी चांगली, कडबा बैल आवडीने खातात, आणि पाऊस गेल्यावर जमिनीतल्या ओलीवर ती निघते. आकृती मोजत होती फक्त दाण्याचे क्विंटल. शेतकरी मोजत होता दाणा, कडबा आणि जोखीम. मग कोणाचे गणित कच्चे?

आता कपाशीकडे या. बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत जवळजवळ सगळे वावर बीटीचे झाले. इतक्या झपाट्याने नवे घेणारा शेतकरी जगात शोधून सापडणार नाही. पुढे २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात त्याच कपाशीची बोंडे गुलाबी अळीने पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मेले, आणि काही लोकांनी दोष दिला तो मेलेल्यांनाच, की त्यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही. म्हणजे नवे नाकारले तर अडाणी, आणि नवे घेऊन मेला तर बेफिकीर! एकच माणूस कपाशीच्या वावरात पुढारलेला आणि ज्वारीच्या वावरात मागासलेला, हे कसले शास्त्र?

आणि गंमत पाहा. हे दोन्ही दोष रॉजर्सने स्वतःच पुढच्या आवृत्त्यांत नोंदवले आहेत: नवे ते चांगलेच असे गृहीत धरणे, आणि व्यवस्थेचे खापर एकट्या माणसाच्या डोक्यावर फोडणे. आम्हाला टक्केवारी शिकवली, ही पाने शिकवली नाहीत. म्हणून सांगतो, शास्त्र वाचल्याशिवाय शास्त्राशी भांडता येत नाही.

ही वाट आपल्याला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले, की सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि शिक्षण मिळते वरच्या वर्गाला. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला तो १९१९ साली, म्हणजे त्यानंतर छत्तीस वर्षांनी. डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहून दाखवले, की दुखणे फक्त जमिनीच्या तुकड्यांत नाही; शेतीवर नको इतकी माणसे अडकून पडली आहेत, त्यांना उद्योगात काम हवे. भोगलेले आणि अभ्यासलेले एका हातात आले की असे लिखाण होते.

ऑनलाइन अभ्यासक्रमांची भलावण मात्र मी डोळे झाकून करत नाही. बहुतेक धडे इंग्रजीत. पडद्यावरचा मास्तर बोलतो, ऐकत नाही. घरातला मोबाईल बहुधा बाप्याच्या खिशात. कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाती तो येतो कधी? आणि बारा आठवडे व्हिडिओ पाहून, प्रश्नावली घेऊन गावात 'शेतकऱ्यांची मानसिकता' तपासायला येणाऱ्यांची नवी जात तयार झाली, तर आकृती जुनीच राहील, फक्त शिक्का मारणारे वाढतील. प्रमाणपत्र भिंतीवर लावून परिवर्तन होत नाही.

म्हणून या बैठकीपुढे माझे मागणे असे. प्रत्येक तालुक्यात दहा-पंधरा जणांचा अभ्यासगट उभा करा, त्यात निम्म्या बाया हव्यात. कॉलेजात जाणारा एक पोरगा किंवा पोरगी आठवड्याचा एक धडा पाहील आणि सर्वांना मराठीत सांगेल. मग गट तीन प्रश्न विचारील: हे आपल्या गावात खरे आहे का? नसेल तर यात काय मोजायचे राहिले? आणि हे असे शिकवण्यात फायदा कुणाचा? उत्तरे वहीत लिहा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन या. आपल्याच करातून चालणारे हे शिक्षण आपल्या भाषेत द्या, ही मागणी त्या वह्या टेबलावर ठेवून करू. रिकाम्या हातांनी केलेल्या मागणीला कोणी भीक घालत नाही.

आजवर आपण दुसऱ्यांच्या प्रश्नावलीतले रकाने भरत आलो. आता प्रश्न आपण काढू.