चिठ्ठी, चाचणी आणि होकार

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा हे तालुक्याचे गाव आहे. येथील एखाद्या घरातील दुखणे गावच्या डॉक्टरांच्या आवाक्याबाहेर गेले, की कुटुंबापुढे प्रामुख्याने दोन वाटा असतात. एक विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, दुसरी लातूरची. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत उपचारांबरोबर संशोधनही होत असते. त्यामुळे कधीतरी रुग्णासमोर काही पानांचा कागद येतो आणि विचारणा होते, ‘या अभ्यासात सहभागी व्हाल का?’ अशा वेळी घरात दोन प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणते, ‘आमच्या माणसावर प्रयोग नकोत.’ कोणी म्हणते, ‘डॉक्टर सांगताहेत, सही करून टाका.’ ही दोन्ही उत्तरे बहुधा कागद न वाचताच दिलेली असतात.

वैद्यकीय चाचणीची गरज का भासते, हे आधी पाहणे योग्य ठरेल. एखादे औषध घेतले आणि आठ दिवसांत बरे वाटले, तर श्रेय औषधाला मिळते. परंतु अनेक दुखणी काळाच्या ओघात आपोआप ओसरतात. नवे औषध मिळाल्याच्या आशेनेही माणसाला हुशारी वाटते. शिवाय डॉक्टरांनी नव्या उपचारासाठी नकळत धडधाकट रुग्ण निवडले, तर तो उपचार आहे त्याहून गुणकारी भासू लागतो. हे तिन्ही भ्रम टाळण्यासाठी सारख्या स्थितीतील माणसांचे गट पाडले जातात. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते. डॉक्टरांची मर्जी किंवा रुग्णाची ओळख तेथे चालत नाही. एका गटाला नवा उपचार मिळतो, दुसऱ्याला प्रचलित. शक्य असेल तेथे कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही कळू दिले जात नाही. काही काळानंतर दोन्ही गटांची तुलना होते.

नव्या औषधाच्या बाबतीत ही कसोटी पायरीपायरीने होते. प्रथम मोजक्या व्यक्तींवर सुरक्षितता आणि मात्रा पाहतात. मग काही रुग्णांवर परिणाम पाहतात, त्यानंतर मोठ्या संख्येवर तुलना करतात आणि औषध बाजारात आल्यावरही लक्ष ठेवतात. मात्र प्रत्येक चाचणी औषध कंपनीची नसते. आधीच वापरात असलेल्या दोन उपचारांपैकी कोणता सरस, कोणती तपासणी खेड्यात खरोखर उपयोगी पडते, असे प्रश्न विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधन संस्था हाती घेतात. त्यांच्या उत्तरातून विक्रीला नवी वस्तू मिळतेच असे नाही. म्हणूनच ते प्रश्न कोणीतरी विचारावे लागतात.

अशाच एका प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याच्या भूमीतून जगाला मिळाले आहे. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत ज्या उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता, त्या आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठी चाचणी सुरू झाली. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती हाती घेतली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तिच्यात होत्या. येथे चिठ्ठी व्यक्तींच्या नावे टाकली नव्हती. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत विभागले गेले होते. पहिल्या गटातील स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली. दुसऱ्या गटात पेशींची तपासणी म्हणजे पॅप स्मिअर झाली. तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी झाली. प्रत्येक तपासणी एकदाच झाली. चौथ्या गटाला प्रचलित सेवाच मिळत राहिली. त्या काळी ग्रामीण भागात अशा तपासणीची कोणतीही नियमित व्यवस्था नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे.

सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी १२७ जणींना कर्करोग आढळला आणि ३४ जणी त्याने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. तेथे ११८ जणींना कर्करोग आढळला आणि ६४ जणी दगावल्या. वरवर पाहणारा म्हणेल, रोगाची संख्या तर जवळपास सारखीच. मग तपासणीने काय साधले? उत्तर रोगाच्या पायरीत आहे. एचपीव्ही गटातील १२७ पैकी ३९ जणींचा रोग पुढच्या पायरीला गेलेला होता, तर तपासणी न झालेल्या गटातील ११८ पैकी ८२ जणींचा. तपासणीमुळे रोग उपचार शक्य असतानाच हाती लागला आणि मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

उरलेल्या दोन तपासण्यांनी या चाचणीत मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. यावरून त्या निरुपयोगी ठरवण्याची घाई मात्र करता येत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनेच केलेल्या दुसऱ्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसेटिक ॲसिडची तपासणी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली. तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदा केलेली तपासणी आणि पुन्हा पुन्हा केलेली तपासणी यांचे फळ वेगळे असू शकते. एका चाचणीचा निकाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, हे वर्तमानपत्रातील आरोग्यविषयक मथळे वाचतानाही स्मरणात असावे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. त्या चौथ्या गटातील ६४ स्त्रियांचे काय? २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये या आणि अशाच इतर चाचण्यांवर कठोर टीका झाली. वेळीच तपासणी केल्याने हा कर्करोग रोखता येतो हे पाश्चात्त्य देशांना अनेक दशके ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, असा तिचा आशय होता. चाचणीच्या बाजूने सांगितले जाते, की देशातील ग्रामीण स्त्रीला तेव्हा कोणतीच तपासणी मिळत नव्हती आणि खेड्यातील परिस्थितीत कोणती पद्धत जीव वाचवील हे सिद्ध झालेले नव्हते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि केवळ आकड्यांनी हा वाद मिटणारा नाही. त्यातून एक गोष्ट मात्र ठसते. चिठ्ठी टाकण्याचा अधिकार तेव्हाच प्राप्त होतो, जेव्हा समोरच्या व्यक्तीने ती कशाची चिठ्ठी आहे हे समजून घेऊन होकार दिलेला असतो.

आज या होकाराला कायद्याचे पाठबळ आहे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार नीती समितीच्या मान्यतेशिवाय चाचणी सुरू करता येत नाही. या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत डॉक्टरांखेरीज कायद्याची जाणकार व्यक्ती, सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री असावी लागते. माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या संमतीच्या वेळी निष्पक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. दिलेला होकार केव्हाही मागे घेता येतो आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचारांची आणि भरपाईची तरतूद आहे. २००७ पासून ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही सार्वजनिक नोंदवही कार्यरत असून, तिच्यात चाचणीची नोंद आहे का, हे कोणालाही पाहता येते.

तेव्हा कागद समोर आल्यास कुटुंबाने शांतपणे काही प्रश्न विचारावेत. हा अभ्यास कशासाठी? तुलना कशाशी आहे? सहभाग नाकारला तर कोणता उपचार मिळेल? धोके कोणते? जाण्यायेण्याचा आणि तपासण्यांचा खर्च कोणाचा? इजा झाल्यास जबाबदारी कोणाची? संमतीपत्राची प्रत अवश्य मागून घ्यावी. जैन कुटुंबांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अनेक कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. ते तसे आहे का, हे आधीच विचारावे. चौविहार पाळणाऱ्यांनी आणि पर्युषणात उपवास करणाऱ्यांनी आपला नेम डॉक्टरांना प्रारंभीच सांगावा. नेमासाठी मात्रा गुपचूप चुकवल्यास रुग्णालाही अपाय होतो आणि चाचणीचा निष्कर्षही खोटा ठरतो. नेम आणि औषधाच्या वेळा यांचा मेळ बसत नसेल, तर सहभाग नाकारणे हेही प्रामाणिक उत्तर आहे.

घरातील स्त्रीच्या बाबतीत एक विशेष काळजी घ्यावी. एकत्र कुटुंबात सासऱ्यांचा किंवा पतीचा होकार हाच तिचा होकार मानला जातो. सज्ञान स्त्रीची संमती तिची स्वतःची असते. तिला कागद वाचून दाखवावा, विचारासाठी वेळ द्यावा आणि तिचे उत्तर, ते ‘नाही’ असले तरी, मान्य करावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीला अग्रक्रम दिला. तिच्या उपयुक्ततेचा एक मोठा पुरावा धाराशिवच्या गावांतून आलेला आहे. देशाच्या सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमातही तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ॲसेटिक ॲसिडच्या तपासणीची योजना आहे. लोह्यातील घराघरांतून मुलांच्या शाळेची फी आणि दुकानाचे हिशेब वेळेवर होतात. तीस ओलांडलेल्या आई, सून, बहीण यांची ही तपासणी मात्र ‘पुढच्या वर्षी पाहू’ या वाक्यावर अडते. धाराशिव जिल्ह्यातील ज्या गावांच्या वाट्याला चौथी चिठ्ठी आली, तेथील स्त्रियांना ही निवड मिळाली नव्हती. ज्यांना ती आज मिळू शकते, त्यांनी जवळच्या आरोग्य केंद्रात या महिन्यातच चौकशी करावी.